कंट्रोलर कुठला घेऊ, ताई? नेहमी येणारे प्रश्न आणि माझी उत्तरं

मी मुलुंडला राहते, घरात व्हिडिओ गेमचे तीन कन्सोल आणि एक पीसी आहे, आणि बिल्डिंगमधली पोरं, ऑफिसातले लोक, पुण्याचा मावसभाऊ असे सगळे मिळून वर्षभर मला तेच तेच विचारत असतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. एक आधीच सांगते, माझा हात लहान आहे आणि दादाचा हात म्हणजे फावडं, त्यामुळे आमच्या घरात प्रत्येक कंट्रोलरवर दोन मतं असतात. दोन्ही इथे येतील, पण लिहितेय मी, तेव्हा माझं जरा जास्त येईल.

एका वाक्यात सांग ना, सगळ्यात आरामदायक कुठला?

मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सचा, २०२० पासूनचा. पण एवढं वाचून लगेच ऑर्डर टाकू नका, कारण अर्धं उत्तर तुम्ही काय खेळता ह्यावर आहे आणि उरलेलं अर्धं तुमच्या अंगठ्याच्या लांबीवर.

दुकानात हातात घेतला तेव्हा मस्त वाटला, घरी तासाभरात हात आखडतो. असं का?

कारण दुकानात आपण तळहाताने तपासतो आणि घरी अंगठ्याने खेळतो. दुकानात काय होतं, एसी चालू असतो, आपण उभे असतो, कंट्रोलर उचलला, वा काय ग्रिप आहे, दोनदा ट्रिगर, म्हणजे तर्जनीखालची मागची बटणं, दाबले, झालं. तळहात हा फार समजूतदार अवयव आहे, त्याला नारळ दिला तरी तो नीट धरतो. तक्रार करतात ते अंगठे आणि तर्जनी, आणि ती पण पहिल्या पाच मिनिटांत नाही.

मी करते ती टेस्ट अशी. दुकानात स्टूल मागून घ्या, बसा, हात मांडीवर सोडा, डोळे मिटा आणि दोन तास खेळून झाल्यावर जसा ढिला धरतो तसा कंट्रोलर धरा. आता दोन्ही अंगठे सैल सोडून बघा ते आपसूक कुठे पडतात. जिथे पडले ते बटण किंवा ती स्टिक, म्हणजे अंगठ्याने फिरवायची छोटी दांडी, तुमच्या गेममध्ये सगळ्यात जास्त लागत असेल तर अर्धं काम झालं. मग उजवा अंगठा बटणांवरून उजव्या स्टिकवर आणा आणि परत न्या, असं वीसेक वेळा. ह्यात तळहात जागचा सरकत असेल, म्हणजे दरवेळी पकड सोडून परत धरावी लागत असेल, तर तोच घरी दुखणारा कंट्रोलर. शूटिंग गेममध्ये ही ये-जा एका संध्याकाळी शेकडो वेळा होते. दुकानदार विचित्र नजरेने बघतो, बघू दे, पैसे आपले आहेत.

एक्सबॉक्सच्या दोन स्टिक वरखाली आणि प्लेस्टेशनच्या समोरासमोर. हे मुद्दाम आहे की उगाच वेगळं दिसायला?

हा माझा आवडता प्रश्न, त्यामुळे उत्तर लांब आहे.

सोनीचं पहिलं प्लेस्टेशन जपानमध्ये १९९४ ला आलं तेव्हा त्याच्या कंट्रोलरला स्टिक नव्हतीच. चालायचं, उडी मारायची, सगळं डी-पॅडवर, म्हणजे चार दिशांच्या बटणावर, म्हणून डी-पॅड डाव्या अंगठ्याच्या सगळ्यात सोयीच्या जागी, वर. मग गेम थ्रीडी व्हायला लागले, नुसत्या चार दिशा पुरेनात, आणि १९९७ मध्ये सोनीने त्याच आकारात दोन स्टिक बसवल्या, जिथे जागा उरली होती तिथे, म्हणजे खाली मधल्या बाजूला. भाडेकरू नंतर आला म्हणून त्याला पोटमाळा मिळाला असं समजा. पुढे त्या स्टिकच मुख्य झाल्या आणि डी-पॅड हत्यार बदलायला नाहीतर मेन्यू फिरवायला उरला, पण खोल्यांची वाटणी काही बदलली नाही.

एक्सबॉक्स आलं २००१ ला. तोपर्यंत थ्रीडी गेम पक्के बसले होते, मुख्य काम डाव्या स्टिकचं हे सगळ्यांना कळलं होतं, त्यामुळे त्यांनी डावी स्टिक वर आणि डी-पॅड खाली केला. सेगाच्या ड्रीमकास्टने १९९८ मध्ये एकच स्टिक दिली होती, ती पण डी-पॅडच्या वरच. त्याच्याही आधी १९९६ चा निन्टेंडो ६४, त्याला तर तीन मुठी होत्या आणि माणसाला हात दोन! डावीकडे डी-पॅड, मधल्या मुठीवर स्टिक, गेमप्रमाणे तुम्ही हात हलवायचा. तो आज बघून हसू येतं, पण स्टिक घ्यावी की डी-पॅड हे तेव्हा कुणालाच ठरवता येत नव्हतं ते त्या आकारात सरळ दिसतं.

म्हणजे प्लेस्टेशनची मांडणी चुकीची?

नाही हो. सैल सोडलेला अंगठा थोडा बाहेर आणि वर राहतो, खालच्या स्टिकवर न्यायचा तर आत वळवावा लागतो. माझा अंगठा आखूड आहे म्हणून मला तो वळवून धरणं दीड तासात जाणवतं. दादाचा अंगठा लांब, त्याला तीच खालची स्टिक सहज मिळते, उलट एक्सबॉक्सची वरची स्टिक त्याला अंगावर आल्यासारखी वाटते. शिवाय शूटिंगमध्ये दोन्ही अंगठे एकाच उंचीवर असले की निशाणा बरा लागतो असं त्याचं म्हणणं आहे, मी त्याच्याशी वाद घालत नाही कारण हरतेच मी.

माझे हात लहान आहेत. मुलांसाठीचा छोटा कंट्रोलर घेऊ का?

नको, तो खेळणं असतो. आत्ताच्या मोठ्या कंपन्यांचे कंट्रोलर लहान हाताला चालतात, पूर्वी असं नव्हतं. पहिल्या एक्सबॉक्सचा कंट्रोलर एवढा ढब्बू होता की लोक त्याला ड्यूक म्हणायचे, मधोमध मोठा गोल लोगो आणि बटणं तिरकी दाटीने बसवलेली. जपानच्या लोकांसाठी म्हणून छोटा, एस नावाचा कंट्रोलर काढला आणि तो एवढा आवडला की मग सगळीकडे तोच दिला. २०२० चा बनवताना मायक्रोसॉफ्टने सरळ सांगितलं की आठ वर्षांच्या मुलाच्या हातालाही जमेल असा आकार आम्ही केलाय, म्हणून बंपर (ट्रिगरच्या वरची बटणं) आणि ट्रिगर थोडे गोल केले आणि मुठी किंचित लहान केल्या. फोटोत फरक कळतही नाही. माझ्या तर्जनीला मात्र लगेच कळला.

प्लेस्टेशन ५ चा ड्युअलसेन्स आधीच्या ड्युअलशॉक ४ पेक्षा मोठा आहे. लहान हाताला वाईट नाही, पण मधल्या टचपॅडपर्यंत पोचायला मला एक हात सोडावा लागतो.

जड कंट्रोलर चांगला की हलका?

जड म्हणजे भारी क्वालिटी हे आपल्या डोक्यात स्टीलच्या डब्यांपासून बसलंय. ड्युअलशॉक ४ साधारण २१० ग्रॅम, ड्युअलसेन्स साधारण २८० ग्रॅम, एक्सबॉक्सचा सेल घालून २८७. एवढा फरक हात मांडीवर टेकलेले असतील तर कळत नाही, हवेत धरून खेळायची सवय असेल तर खांद्यापर्यंत कळतो. वजनापेक्षा वजन कुठे आहे ते बघा. पुढच्या बाजूला झुकणारा कंट्रोलर बोटांनी सतत उचलून धरावा लागतो, तो १५० ग्रॅमचा असला तरी वैताग आणतो.

हाताला घाम येतो, कंट्रोलर सटकतो. कुठला मटेरियल बघू?

मुंबईत हा प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा होता खरं तर. परदेशी रिव्ह्यूवाले ह्याबद्दल अर्धी ओळ लिहितात कारण त्यांच्याकडे मे महिना नसतो.

तर गुळगुळीत चकचकीत प्लास्टिक नको. एक्सबॉक्सच्या २०२० वाल्याला मुठीच्या मागे, बंपरवर, ट्रिगरवर बारीक दाणे आहेत, घामातही ते बोटाला धरून ठेवतात. ड्युअलसेन्सच्या मागचा खरखरीतपणा म्हणजे मुळात त्रिकोण, गोल, फुली, चौकोन ह्या चार चिन्हांचे अतिबारीक ठसे आहेत, मोबाईलचा कॅमेरा जवळ नेऊन झूम करा, दिसतील. आणि एका गोष्टीपासून लांब राहा, ते मऊ मखमली रबराचं कोटिंग. दुकानात हात फिरवल्यावर काय छान वाटतं, पण आपल्या दमट हवेत ते कोटिंग दोन-तीन वर्षांत चिकट व्हायला लागतं, कपाटात नुसतं ठेवलं तरी. माझ्याकडचा एक असाच गुळाच्या ढेपेसारखा झाला, शेवटी फेकला.

पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस, कंट्रोलर बंद करून. नेलपेंट काढायचं लिक्विड अजिबात नको, प्लास्टिक विरघळतं त्याने. आणि फरसाण खाऊन खेळणाऱ्यांना मी माझा कंट्रोलर देत नाही, मग तो कोणाचा का मुलगा असेना.

अंगठा आणि मनगट दुखतंय. कंट्रोलर बदलू का?

आधी बसणं बदला, फुकट आहे. मांडीवर उशी घ्या आणि कोपर तिच्यावर किंवा खुर्चीच्या हातावर टेकवा. मग स्वतःकडे लक्ष द्या, बॉस फाइट, म्हणजे मोठ्या शत्रूशी मारामारी, आली की आपण कंट्रोलर लिंबासारखा पिळतो. त्या पिळण्याने गेममध्ये काहीच होत नाही, बटण हलक्या दाबानेही तेवढंच काम करतं.

दुसरं म्हणजे स्टिक दाबून पळणं. खूप गेम्समध्ये पळायला डावी स्टिक आत दाबायची असते, म्हणजे अंगठ्याने ढकलायचं पण आणि दाबायचं पण. सेटिंगमध्ये जाऊन ते दुसऱ्या बटणावर टाका नाहीतर एकदा दाबलं की पळत राहील असं करा. गेममध्ये सोय नसेल तर एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशन ५ दोन्हीत सिस्टिमच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमधून बटणं बदलता येतात, हे कोणी करतच नाही! मागच्या बाजूला जादा बटणं असलेले कंट्रोलर मिळतात त्यांचा खरा फायदा पण हाच, अंगठ्याचं काम रिकाम्या बसलेल्या मधल्या बोटांना देता येतं. मला तरी वाटतं महागड्या कंट्रोलरमध्ये पैसे घालायची तेवढी एकच गोष्ट आहे, बाकी सगळी सजावट.

अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला दुखत असेल आणि बरणीचं झाकण उघडतानाही कळ येत असेल तर डॉक्टरकडे जा. तिथल्या स्नायूबंधांना सूज येते, आणि खेळून खेळून ते बरं होत नाही.

ट्रिगर कडक होतात ते ड्युअलसेन्सचं फीचर कसं आहे?

धनुष्य ओढताना ट्रिगर खरंच ताणल्यासारखा लागतो, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी आईला हाक मारून दाखवलं. आठवड्याने बंद केलं. दिवसभर ऑफिसात टायपिंग केलेल्या बोटांना संध्याकाळी आणखी कडक ट्रिगर कशाला. रेसिंगमध्ये मात्र ब्रेकचा अंदाज येतो म्हणून दादा चालू ठेवतो. पूर्ण बंद नको असेल तर कमी पण करता येतं.

डी-पॅड कोण वापरतं आता?

फायटिंग गेमवाले, टूडीवाले आणि आमच्यासारखे म्हातारे. प्लस आकाराचा डी-पॅड निन्टेंडोच्या गुनपेई योकोईंनी १९८२ च्या गेम अँड वॉच ह्या हातात धरायच्या छोट्या गेममध्ये आणला आणि तिथून तो सगळीकडे गेला. माझा पहिला कंट्रोलर म्हणजे मे महिन्यात गिरगावला मामाच्या चाळीत, तो एट-बिट डुप्लिकेट व्हिडिओ गेम असायचा ना कॅसेटवाला, त्याचा. आम्ही त्याला रिमोटच म्हणायचो. निन्टेंडोच्या चौकोनी कंट्रोलरची नक्कल, कोपरे तळहातात रुतायचे, आणि त्या प्लसच्या कडेने डाव्या अंगठ्याला सुट्टी संपेपर्यंत घट्टा पडलेला असायचा. तेव्हा दुखलं असं कोणी म्हणायचं नाही, कारण म्हटलं की रिमोट दुसऱ्याकडे जायचा.

डी-पॅड तपासायचा तर अंगठा न उचलता खाली, तिरका, पुढे असा फिरवून बघा. तिरकी दिशा हवी तेव्हा लागते आणि नको तेव्हा लागत नाही, एवढंच पाहिजे. एक्सबॉक्स ३६० चा ह्यात बदनाम होता, बाकी तो कंट्रोलर सोन्यासारखा. प्लेस्टेशनचा इथे सरस, त्याला वरची मोक्याची जागा अजून मिळालेली आहे, तिचा फायदा नेमका इथे होतो.

काही न करता माणूस आपोआप चालायला लागतो. भूत आहे का?

ड्रिफ्ट आहे. साध्या स्टिकच्या आत कार्बनची पट्टी असते आणि तिच्यावर एक छोटा पत्रा घासत असतो, त्याच्यावरून स्टिक कुठे आहे ते कळतं. घासून घासून पट्टी झिजते, धूळ साठते, आणि मग स्टिक मध्ये असली तरी कंट्रोलरला वाटतं ढकललीय. ही गोष्ट जवळजवळ सगळ्या ब्रँडना होते, निन्टेंडोच्या स्विच कन्सोलला दोन्ही कडांना लागणारे छोटे कंट्रोलर, त्या जॉय-कॉनचं जास्त गाजलं एवढंच. गेममधला डेडझोन, म्हणजे स्टिक जेवढी हलली तरी गेम दुर्लक्ष करतो तेवढी जागा, वाढवून काही महिने ढकलता येतात.

हॉल इफेक्ट स्टिकमध्ये चुंबक असतं, काही घासत नाही, म्हणून ही झीज होत नाही. नवीन शोध वाटतो पण ड्रीमकास्टच्या स्टिकमध्ये १९९८ लाच चुंबक होतं. हल्ली टीएमआर नावाचा प्रकार पण आलाय, चुंबकावरच चालतो आणि बॅटरी कमी खातो. एटबिटडू, गेमसर वगैरेंच्या बऱ्याच मॉडेलमध्ये हे मिळतं आणि ते पण मोठ्या कंपन्यांच्या कंट्रोलरपेक्षा स्वस्तात, हे मला अजून पचलेलं नाही.

सेलवाला की चार्जिंगवाला?

एक्सबॉक्सला दोन पेन्सिल सेल लागतात, लोक नाक मुरडतात, मला आवडतं. चार्जेबल सेलचे दोन जोड घेतले की विषय संपला, आणि पाच वर्षांनी बॅटरी मेली म्हणून कंट्रोलर उघडायला लागत नाही. पण महिनाभर खेळणार नसाल तर साधे सेल काढून ठेवा, पावसाळ्यात आत फुटले की स्प्रिंग गंजते. ड्युअलसेन्सची बॅटरी १५६० एमएएच, तरी रोज-दोन दिवसांनी चार्जिंग आलंच. स्विचचा प्रो कंट्रोलर १३०० एमएएचवर ४० तास म्हणून सांगतात आणि तो खरंच खूप चालतो.

जॉय-कॉन एवढेसे आहेत, त्यांनी हात दुखत नाही का?

जोडून खेळलं तर दुखतो, सपाट पट्टीला कडेने धरल्यासारखं होतं. पण सुटे करून दोन हातात दोन, हे करून बघाच. एकेक जेमतेम ५० ग्रॅमचा, हात दोन्हीकडे कसेही टाका, आडवे पडा, एक हात उशीखाली, कोणी काही बोलत नाही. आराम ह्या एकाच मुद्द्यावर मार्क द्यायचे तर मी ह्याला एक्सबॉक्सच्या वर ठेवलं असतं, पण बटणं इतकी बारीक आहेत की दादाचा अंगठा एका वेळी दोन दाबतो. एकच जॉय-कॉन आडवा धरून दोघांनी खेळणं म्हणजे पाहुण्यांची मुलं आली तर ठीक.

स्विचवर ओके करायला गेलो की बॅक होतं!

निन्टेंडोचं ए उजवीकडे आणि बी खाली, एक्सबॉक्सचं बरोबर उलटं. प्लेस्टेशनमध्ये तर जपानात गोल म्हणजे हो आणि फुली म्हणजे नाही होतं, बाहेर फुली म्हणजे हो, आणि प्लेस्टेशन ५ पासून जपानी लोकांनाही फुलीच दिली. सवय होते. दोन्ही रोज वापरत असाल तर होत नाही.

एका हाताला प्रॉब्लेम आहे अशा माणसाला खेळता येईल का?

येईल. एक्सबॉक्सचा अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर २०१८ मध्ये आला, दोन मोठी गोल बटणं आणि मागे ओळीने सॉकेट, त्याला बाहेरून पायाची, कोपराची, कसलीही बटणं जोडायची. सोनीचा अ‍ॅक्सेस २०२३ च्या शेवटी आला, तो गोल आहे आणि टेबलावर सपाट ठेवून वापरतात, बटणांच्या टोप्या बदलता येतात. पॅरालिसिसनंतर एकाच हाताने खेळणारे आमच्या सोसायटीतले एक काका साध्या कंट्रोलरवरच, सगळी बटणं एका बाजूला घेऊन, रेसिंग खेळतात, आणि मला हरवतात.

मुंबईत कुठून घेऊ? लॅमिंग्टन रोडला स्वस्त मिळतो म्हणे.

लॅमिंग्टन रोडला ओरिजिनल पण मिळतो आणि हुबेहूब डुप्लिकेट पण, कधीकधी एकाच काउंटरवर. मी एका दुकानातून "ताई, सेम टू सेम माल" असा एक आणला होता, बॉक्ससकट, तीन महिन्यांत उजवा ट्रिगर आत गेला तो आलाच नाही आणि दुकानदाराने मला ओळखही दाखवली नाही. तेव्हापासून जीएसटीचं बिल आणि वॉरंटी लेखी नसेल तर हात लावत नाही. तपासताना मागचे ते चिन्हांचे बारीक ठसे बघा, दोन भागांच्या सांध्यावरून नख फिरवा, अडकायला नको, आणि हलवून बघा आत काही खुळखुळतंय का.

बजेट दीड-दोन हजार आहे.

मग मोठ्या ब्रँडचा जुना वापरलेला घेऊ नका, ड्रिफ्ट घेऊन येईल. कॉस्मिक बाइट, इव्होफॉक्स, रेडगिअर ह्यांच्यात बघा, पीसीला छान चालतात, आणि शक्य असेल तर हॉल इफेक्ट लिहिलेलं मॉडेल घ्या. वायरवाला घेतलात तर त्याच पैशात जरा बरा येतो. प्लेस्टेशन ५ ला लावायचा असेल तर मात्र थांबा, प्लेस्टेशन ५ च्या गेम्सना साधारण ड्युअलसेन्स किंवा सोनीचं लायसन्स असलेलाच कंट्रोलर चालतो, घेऊन आल्यावर मला फोन करू नका.

दोन वेगळे कंट्रोलर घेऊ की सेम दोन?

वेगळे. मग पाहुणा आला की त्याला कुठला द्यायचा हा प्रश्न राहत नाही, ड्रिफ्टवाला द्यायचा.